नाडीला एक मिनिट

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरच्यांनी मला विषय ठरवून दिला नाही. एवढंच सांगितलं, की ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी करता येईल असं काहीतरी सांगा. म्हणून आज मी हृदयाच्या अशा एका बिघाडाबद्दल बोलणार आहे, जो पैसा न खर्चता, घरच्या घरी, आपल्या बोटांना कळू शकतो. कळला नाही तर तो माणसाचं अर्धं अंग निकामी करू शकतो. त्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी थोडक्यात ए-एफ म्हणतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गावात जिथे जिथे बीपी मोजलं जातं, तिथे तिथे नाडीही बघितली गेली पाहिजे. ज्याची नाडी बेताल लागेल त्याला ईसीजीपर्यंत नेलं पाहिजे. आणि ज्याला गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू झाली, त्याची गोळी सुटणार नाही हे घराने आणि गावाने मिळून बघितलं पाहिजे.

29 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या गावाचं नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. मराठा आरक्षणासाठी इथे झालेल्या उपोषणाच्या त्या दिवसांत वैद्यकीय पथकं येत होती आणि बीपी किती, शुगर किती हे राज्यभर बातम्यांत सांगितलं जात होतं. शरीरातले हे आकडे जीवन-मरणाचे असतात हे या गावाला वेगळं पटवून द्यायला नको. मला त्या आकड्यांच्या शेजारी नाडीची लय बसवायची आहे.

आधी लकव्याबद्दल. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, शहरात पॅरालिसिस म्हणतात. हा शहरातल्या, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, असा समज फार काळ होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत उभ्या केलेल्या ‘सर्च’ संस्थेने तो पुसून टाकला. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या 86 गावांत दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. 1,599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के, लकव्याने झाले होते. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला. 2015 साली हे प्रसिद्ध झालं. लकव्याने गेलेल्यांपैकी 87 टक्क्यांहून अधिक माणसं घरीच वारली होती. ज्या जिल्ह्यात माणसं मलेरियाने आणि कुपोषणाने मरतात असं आपण मानत होतो, तिथलं हे चित्र आहे. अंबड तालुक्यात ऊस आहे, मोसंबी आहे, जायकवाडीचा डावा कालवा आहे, सोलापूर-धुळे महामार्ग आहे. आपल्याकडे लकवा याहून कमी असेल असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

लकव्याचं सर्वात मोठं कारण वाढलेलं बीपी आहे, ए-एफ नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे इथून कोणी बीपीची गोळी दुय्यम समजून जाणार नाही. तरीही आजचं व्याख्यान ए-एफवर आहे, कारण या बिघाडातून येणारा लकवा मोठा असतो, माणूस अंथरुणाला खिळण्याची आणि दगावण्याची शक्यता त्यात जास्त असते, आणि हाच लकवा मोठ्या प्रमाणात टाळता येतो.

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यातून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो. वरचे कप्पे आधी आकुंचन पावतात, मग खालचे, आणि रक्त पुढे ढकललं जातं. निरोगी माणसात हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा, ठरलेल्या लयीत होतं. ए-एफमध्ये वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो. मिनिटाला 350 ते 600 संदेश एकमेकांत घुसतात. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्यातले काही संदेश, कधी लवकर कधी उशिरा, खाली झिरपतात. म्हणून मनगटावरची नाडी कशीही पडते.

वरच्या डाव्या कप्प्याला बोटाएवढी एक आंधळी पिशवी असते. कालव्याची पाळी बंद झाली की पाणी वळणाच्या कोपऱ्यात थांबतं आणि गाळ तिथेच धरतो. थरथरणाऱ्या कप्प्यातलं रक्त असंच या पिशवीत थांबतं आणि गोठतं. झडप खराब नसलेल्या ए-एफच्या रुग्णांत डाव्या कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या या पिशवीत सापडतात. ती गुठळी सुटली की एका ठोक्यात बाहेर पडते आणि मानेतल्या रक्तवाहिनीतून थेट मेंदूत जाते. मोठी गुठळी मोठी वाट अडवते. ए-एफचा लकवा मोठा असतो तो यामुळे.

हे ज्ञान जुनं आहे. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणीच्या गावात साधी डॉक्टरकी करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मनगटाच्या आणि मानेच्या नाड्या कागदावर उमटवून हा बेतालपणा अभ्यासला. 1906 साली आइन्थोव्हनने ईसीजीच्या यंत्रावर तो टिपला, आणि 1909 मध्ये थॉमस लुईसने त्याचं मूळ वरच्या कप्प्यांच्या थरथरीत आहे हे दाखवलं. लकव्याशी नातं आकड्यांत बसवलं ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने. 1948 पासून तिथल्या हजारो रहिवाशांची तपासणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 1978 साली त्यातून निष्कर्ष आला: ए-एफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका पाचपटीहून जास्त, आणि ए-एफबरोबर संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली असेल तर सतरापट.

हा सतरापटीचा आकडा आपल्या कामाचा आहे. तो पाश्चात्त्य देशांत आता पुस्तकात उरला आहे, आपल्याकडे तो दवाखान्यात भेटतो. अनेक देशांतल्या ए-एफच्या रुग्णांची एक मोठी नोंद 2014 साली प्रसिद्ध झाली. त्यात उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपैकी संधिवाती झडपांचे रुग्ण 2.2 टक्के होते, भारतातल्यांपैकी 31.5 टक्के. मुंबईचे डॉ. अमित व्होरा यांच्या पुढाकाराने झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या झडपा या तापाने खराब झालेल्या होत्या, आणि रुग्णांचं सरासरी वय होतं 54.7. तिकडे ए-एफ हे सत्तरी-ऐंशीचं दुखणं आहे. आपल्याकडे ते कर्त्या वयात घरात शिरतं.

त्याची वाट लहानपणी सुरू होते. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा धरतो, ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा. मग सगळं आपोआप बरं होतं आणि घर विसरून जातं. हाच तो संधिवाताचा ताप: घशातल्या जंतूंशी लढताना शरीराने चुकून स्वतःच्याच झडपांवर वार केलेला असतो. वर्षं जातात, डावीकडची झडप जाड होते, अरुंद होते. पोरगी लग्न होऊन जाते. पहिल्या बाळंतपणात धाप लागते, अशक्तपणा म्हणून सोडून देतात. झडपेतून रक्त पुढे जात नाही म्हणून वरचा कप्पा फुगत जातो, आणि फुगलेला कप्पा एक दिवस थरथरायला लागतो.

मी डॉक्टर म्हणून अशा कितीतरी बायका पाहिल्या आहेत. त्यातली एक सांगतो, नाव-गाव सोडून. वय चाळिशीच्या आत. झडप फुग्याने मोकळी केलेली, ए-एफ होता, गुठळीविरोधी गोळी चालू होती, दर महिन्याला रक्ताची तपासणी व्हायची. दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला गेला. उचल घेतलेली, मुकादमाला नाही म्हणता येत नव्हतं. कोपीपासून तपासणीची सोय लांब, एक दिवस बुडाला तर खाडा. गोळ्या संपल्या. तिला बरंही वाटत होतं, म्हणून तिने त्या पुन्हा आणल्या नाहीत. एका पहाटे मोळी बांधताना उजवा हात गळून पडला आणि वाचा गेली. दोन दिवस झाडपाल्याचं औषध आणि अंगाला चोळण्यात गेले. माझ्यापर्यंत आली तेव्हा मेंदूचा डावा भाग गेलेला होता. ती आज जिवंत आहे, चालते, पण तिला मुलांची नावं उच्चारता येत नाहीत. त्या पूर्ण साखळीत तिचा दोष मला कुठेच दिसत नाही. घरापासून दूर तिला गोळी आणि तपासणी मिळावी, अशी व्यवस्था आपण केलेली नाही.

आता त्या गोळीबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ही गोळी शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघाली आहे. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. ओलीमुळे बुरशी लागलेली एका प्रकारच्या घासाची वैरण खाणारी जनावरंच मरत होती. फेब्रुवारी 1933 मध्ये हिमवादळात विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, ती वैरण आणि डबाभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा-सात वर्षं खपून वैरणीतलं द्रव्य वेगळं केलं. त्यातून पुढे वॉरफेरिन आलं, 1948 साली आधी उंदरांचं औषध म्हणून आणि काही वर्षांतच माणसांसाठी. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं गेलं. आपल्याकडे त्याच घराण्यातली असिट्रॉम ही गोळी जास्त चालते.

ए-एफमध्ये वॉरफेरिनने लकव्याचा धोका सुमारे 64 टक्क्यांनी घटतो, म्हणजे तीन लकव्यांपैकी जवळपास दोन टळतात. पण मात्रा थोडी चुकली तरी इकडे गुठळी आणि तिकडे रक्तस्राव. म्हणून पीटी-आयएनआर ही तपासणी करावी लागते, आणि बहुतेकांचा आकडा 2 ते 3 च्या मध्ये ठेवावा लागतो. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी रोज आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असं झालं की आकडा हलतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. ही गोळी चालू असताना कंबर दुखते म्हणून दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. दंडात किंवा कुल्ल्यात रक्त साचून तो भाग काळा-निळा पडतो, शिवाय वेदनाशामक औषधाने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच: ‘माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.’

‘माझी चालू आहे ना रक्त पातळ करायची’ असं म्हणून पुष्कळ जण अ‍ॅस्पिरिनची पट्टी दाखवतात. धमनीतल्या अडथळ्यासाठी अ‍ॅस्पिरिन उपयोगी आहे. ए-एफच्या गुठळीपुढे ती फार तोकडी पडते. 2011 साली अ‍ॅपिक्सॅबान या नव्या गोळीची तुलना अ‍ॅस्पिरिनशी झाली. अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला शंभरात 3.7 जणांना लकवा किंवा शरीरात दुसरीकडे गुठळी झाली, अ‍ॅपिक्सॅबानवर 1.6 जणांना, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच.

डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, आणि पेटंट संपल्यावर त्यांच्या किमती खूप उतरल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 पासून त्यांना अत्यावश्यक औषधांत जागा दिली आहे. ज्याची झडप ठीक आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली असेल तर घाई नको. 24 देशांतल्या साडेचार हजार संधिवाती रुग्णांवर झालेल्या, दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन ज्यात आघाडीवर होते त्या अभ्यासात 2022 साली दिसलं, की अशा रुग्णांत जुनी गोळीच सरस ठरते. तिच्यावरचे रुग्ण कमी दगावले. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी बघून आपली जुनी बदलू नका.

ए-एफ सापडला की प्रत्येकाला ही गोळी लागतेच असं नाही. डॉक्टर हिशेब करतात: वय 65 च्या पुढे की 75 च्या पुढे, बीपी, शुगर, हृदय कमजोर आहे का, पूर्वी लकवा किंवा हृदयविकार झाला आहे का. धोका जास्त तर गोळी. अरुंद संधिवाती झडपेला मात्र असा हिशेब लागत नाही, तिथे ए-एफ म्हणजे गोळी आलीच.

आता तुमच्या हाती असलेलं काम. ज्याची नाडी बघायची त्याला पाच मिनिटं शांत बसवा. शेतातून आल्या आल्या किंवा चहा-तंबाखू झाल्या झाल्या नको. हात मांडीवर, तळवा वर. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाचं हाड लागतं, त्याच्या आतल्या खोबणीत मधली तीन बोटं हलकेच टेका. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात आणि ते फसवतात. फार दाबलं तर नाडी बुजते. घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंदं मोजून चारने गुणू नका, आपल्याला आकड्यापेक्षा लय हवी आहे. दोन ठोक्यांतलं अंतर सारखं आहे का, एवढंच मनाला विचारा.

मध्येच एखादा ठोका चुकून लय पुन्हा लागली तर ते बहुधा साधं असतं. तरुण माणसाची नाडी श्वास घेताना थोडी जलद होते, तेही साधंच. ए-एफची नाडी ओळखू येते ती अशी: दोन ठोके जवळ, एक लांब, एक जोरकस, पुढचा लागतो न लागतो, आणि पुढचा कधी येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. कुणाला धडधड जाणवते, कुणाला दम लागतो, आणि पुष्कळांना काहीच होत नाही. म्हणून तर बोटं लावायची. हा बिघाड येतो-जातो, तेव्हा एकदा बरी लागली म्हणून कायमचं विसरायचं नाही. बीपीचं यंत्र दर वेळी वेगवेगळे आकडे दाखवत असेल तरी नाडी बघा.

नाडी बेताल लागली म्हणजे ए-एफ आहेच, असंही नाही. शिक्का फक्त ईसीजी मारतो. मग टू-डी इको आणि थायरॉईडची तपासणी. पण दार उघडतं ते बोटांनी. इंग्लंडमधल्या 50 दवाखान्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासात 65 च्या पुढच्या माणसांची, ती दवाखान्यात कोणत्याही कामाने आली तरी, नाडी बघितली आणि बेताल लागली तरच ईसीजी काढला. सरसकट सगळ्यांचे ईसीजी काढून जेवढे नवे रुग्ण सापडले, जवळपास तेवढेच या पद्धतीनेही सापडले. जवळच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत फोनला जोडायच्या छोट्या यंत्राने तपासणी झाली, तेव्हा आधी कुणाच्याच लक्षात न आलेले ए-एफचे रुग्ण गावातच आढळले.

हे कोण करणार, असा प्रश्न पडेल. महाराष्ट्राने त्याचं उत्तर पूर्वीच दिलं आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये काम सुरू केलं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला आणि आजार ओळखायला शिकवलं. 1999 साली ते काम जगापुढे आलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन तेच करतात. जी ताई बाळाचे श्वास मिनिट लावून मोजते, तिला आजीची नाडी मिनिट लावून बघणं अवघड नाही. तिशीनंतर बीपी-शुगर तपासायची सरकारी मोहीम चालूच आहे. त्याच बैठकीत, त्याच वहीत, एक रकाना वाढवायचा. मात्र आशाताईंवर नवं काम टाकताना त्याचा मोबदलाही द्यायला हवा, हे ग्रामसभेने ठरावात लिहावं.

म्हणून माझी या गावाला मागणी अशी आहे. पासष्टीच्या पुढचे सगळे, आणि वय कितीही असो, बीपी, शुगर, पूर्वीचा लकवा किंवा झडपेचा आजार असलेले सगळे, यांची यादी करा आणि दर तीन महिन्यांनी नाडी बघा. शाळेतल्या ज्या मुलाचे सांधे घसादुखीनंतर सुजले, त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे न्या. तो संधिवाताचा ताप ठरला तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चुकवू नका. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाबरोबर पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि उपचाराचा कागद द्या, आणि मुकादमाला महिन्याची तपासणीची सुट्टी द्यायला लावा. लकव्याची खूण दिसली, चेहरा वाकडा, हात लटका, बोलणं अडखळलेलं, की वेळ लिहून घ्या आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. ही सोय चोवीस तास कुठे आहे हे वडीगोद्री, अंबड, जालना, छत्रपती संभाजीनगर इथे आजच विचारून ठेवा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

औषध आहे, ज्ञान आहे, माणसंही आहेत. तरी एखाद्याचं अंग केवळ नाडी न बघितल्याने जात असेल, तर त्याला नशीब म्हणणं मला मान्य नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. पहिल्या तपासणीला मी स्वतः येईन, आशाताईंना शिकवीन, आणि लागेल तेवढ्या वेळा येत राहीन.